शाळेतल्या पीटीच्या बाई ते तीन युरो कप, आपल्याकडच्या खेळाडू मुलींना ही वाट कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

27 जुलै 2025 ला बासेलमध्ये महिलांच्या फुटबॉल युरो कपची फायनल झाली, इंग्लंडनं स्पेनला पेनल्टी शूटआऊटमध्ये 3-1 नं हरवलं आणि आपल्या पेपरात ती बातमी फोटोसकट आली, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण बऱ्याच ठिकाणी तीही आली नाही. पण त्या बातमीत इंग्लंडच्या कोच सरिना विगमन यांचं नाव कुठंच नव्हतं. पुरुषांची टीम जिंकली की दुसऱ्या दिवशी कोचवर वेगळी चौकट येते, तो कुठला, आधी कुठं खेळला, कसा घडला सगळं येतं. इथं तर या बाईंनी सलग तिसरा युरो जिंकलाय, पहिला नेदरलँड्सबरोबर आणि पुढचे दोन इंग्लंडबरोबर, आणि मधल्या दोन वर्ल्ड कपच्या दोन्ही फायनललाही त्यांचीच टीम होती, म्हणजे युरो आणि वर्ल्ड कप मिळून सलग पाच फायनल. एवढं करणाऱ्या माणसाचं नाव तरी वाचकांना कळायला पाहिजे. म्हणून लिहितेय, पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी कोल्हापुरात एका शाळेत पीटी शिकवते आणि मुलींची फुटबॉल टीम माझ्याकडं आहे. विगमन बाईसुद्धा कित्येक वर्षं नेदरलँड्समधल्या हेग शहरात शाळेत पीटीच्याच शिक्षिका होत्या. हे वाचल्यापासून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि जेवढं वाचलं तेवढं वाटत गेलं की ही गोष्ट कपाची कमी आणि मधल्या वर्षांची जास्त आहे, ती आपल्याकडं कुणी नीट सांगत नाही.

त्यांचा जन्म 1969 चा. लहानपणी जुळ्या भावाबरोबर रस्त्यावर खेळायच्या, मुलींच्या टीमच नव्हत्या तेव्हा, म्हणून केस बारीक कापून मुलांच्यात खेळल्या. 17 व्या वर्षी नेदरलँड्सकडून पहिली आंतरराष्ट्रीय मॅच. 1988 ला चीनमध्ये फिफाची महिलांची एक स्पर्धा झाली, तिथं अमेरिकेच्या टीमचे कोच अँसन डोरन्स यांनी त्यांना बघितलं आणि नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीत खेळायला बोलावलं. 1989 ला त्या गेल्या. तिथं मिया हॅम, क्रिस्टीन लिली यांच्यासारख्या नावाजलेल्या अमेरिकन खेळाडू बरोबर, मुलींसाठी वेगळी मैदानं, रोजची ट्रेनिंग, मॅच बघायला माणसं. वर्षभर तिथं खेळून त्या मायदेशी आल्या तर इथं पुन्हा तेच, आठवड्यातून थोडी ट्रेनिंग, सगळ्या मुली नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून खेळणाऱ्या. एकदा चांगलं काय असतं ते डोळ्यांनी बघून आल्यावर परत त्या मैदानावर उभं राहणं सोपं नसतं. मला वाटतं त्यांच्यातली कोच तिथंच तयार झाली असणार, हे माझं मत आहे.

खेळाडू म्हणून शंभराच्या घरात आंतरराष्ट्रीय मॅचेस, टीमच्या कॅप्टन, आणि तरीही एकही वर्ल्ड कप नाही की एकही युरो नाही. त्यांच्या काळात नेदरलँड्सच्या महिला कधी पात्रच ठरल्या नाहीत. पहिल्यांदा पात्र ठरल्या त्या 2009 च्या युरोला, तोवर बाई खेळायचं थांबून बरीच वर्षं झालेली. क्लब म्हणजे टेर लेडे, लीग जिंकल्या, आणि दिवसा शाळेत नोकरी. 2003 ला खेळणं थांबवलं तेव्हा दुसऱ्या मुलीच्या वेळी गरोदर होत्या.

आता इथं थांबून बघा. 33-34 वर्षांची बाई, दोन लहान मुली, शाळेची नोकरी, खेळ संपलेला, हातात मोठी ट्रॉफी नाही. आपल्याकडं ही गोष्ट इथंच संपते. सत्कार, शाल, श्रीफळ, "एकेकाळी खूप छान खेळायची" आणि झालं.

तिकडं ती संपली नाही कारण पुढची पायरी होती. आधी टेर लेडेची कोच. मग 2007 ला नेदरलँड्सनं महिलांची स्वतंत्र लीग सुरू केली आणि एडीओ डेन हाग क्लबनं त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी शाळा सोडून पूर्णवेळ कोचिंग धरलं. सुरुवातीला काही सगळं जिंकलं नाही, या क्लबबरोबर लीग मिळाली ती 2012 ला, म्हणजे पाच वर्षांनी. पाच वर्षं त्या क्लबनं वाट बघितली! 2014 ला त्या नॅशनल टीमच्या असिस्टंट कोच झाल्या, हेड कोचचं पद रिकामं झालं तेव्हा मध्ये काही दिवस टीम सांभाळली आणि परत असिस्टंट म्हणून बसल्या, रुसल्या नाहीत. मग युएफा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचं प्रो लायसन्स घेतलं, जे तिथलं कोचिंगचं सगळ्यात वरचं लायसन्स आहे, आणि स्पार्टा रॉटरडॅम या पुरुषांच्या व्यावसायिक क्लबमध्ये जाऊन कोचिंग स्टाफमध्ये काम केलं. नेदरलँड्समध्ये हे करणाऱ्या त्या पहिल्या बाई.

डिसेंबर 2016 मध्ये महिला टीमच्या कोचना काढलं. पुढच्या जुलैत युरो नेदरलँड्समध्येच होणार होता, टीमची कामगिरी वाईट, घरच्या लोकांसमोर हसं व्हायची भीती. जानेवारीत विगमन बाईंना टीम मिळाली. सात महिनेसुद्धा नाहीत हातात. आणि त्या टीमनं सगळ्या सहा मॅचेस जिंकल्या, सेमीला इंग्लंडला 3-0, फायनलला एनस्खेडेमध्ये डेन्मार्कला 4-2. दोन वर्षांनी फ्रान्सच्या वर्ल्ड कपला थेट फायनल, तिथं अमेरिकेकडून 2-0 हरले.

लोक याला चमत्कार म्हणतात, मला तसं वाटत नाही. सात महिन्यांत टीम उभी राहिली कारण कोच आधी दहा वर्षं तयार होत होती, त्यातल्या कितीतरी मुलींना लीगमध्ये खेळताना बघितलेलं, असिस्टंट म्हणून त्यांच्याबरोबर कॅम्प केलेले, कोण दबावात गप्प होते आणि कोण पेटून उठते ते माहिती.

सप्टेंबर 2021 ला इंग्लंडनं त्यांना घेतलं. हा तोच देश जिथं 1920 च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे 26 डिसेंबरला, डिक केर लेडीज या बायकांच्या टीमची मॅच बघायला गुडिसन पार्कवर 53 हजार माणसं आली आणि पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशननं बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली, ती उठायला जवळजवळ 50 वर्षं गेली. 2022 चा युरो इंग्लंडमध्येच होता. बाईंनी सहाच्या सहा मॅचेसला तीच अकरा जणींची टीम उतरवली, एकही बदल नाही, आणि बेंचवरच्या मुलींना प्रत्येकीला आधीच सांगून ठेवलेलं की तुझं काम काय आणि कधी. फायनलला वेम्बलीवर 87,192 प्रेक्षक, समोर जर्मनी, आणि इंग्लंडचे दोन्ही गोल बेंचवरून आलेल्या मुलींचे, पहिला एला टूनचा आणि जादा वेळेत क्लोई केलीचा. 1966 नंतर इंग्लंडच्या कुठल्याही सीनियर टीमची ही पहिली मोठी ट्रॉफी.

शिट्टी झाल्यावर त्या हातातल्या एका साध्या बँडवर ओठ टेकवताना दिसल्या. तो त्यांच्या बहिणीचा होता. स्पर्धा सुरू व्हायच्या थोडंच आधी बहीण गेली होती आणि बाईंनी पूर्ण स्पर्धाभर त्याचं काही दाखवलं नाही. मला हे वाचून खूप भरून आलं, कारण मैदानावर मुलींसमोर आपल्या घरचं काही बाहेर येऊ द्यायचं नाही हे कुठल्याही कोचला माहिती असतं, फक्त एवढं मोठं दुःख एवढ्या मोठ्या जागी कुणी सांभाळलेलं मी ऐकलं नव्हतं.

2023 ला सिडनीत वर्ल्ड कपची फायनल स्पेनकडून 1-0 नं हरल्या. पण त्याच महिन्याच्या शेवटी युएफाचा बेस्ट कोचचा पुरस्कार घेताना त्यांनी तो कुणाला अर्पण केला, तर स्पेनच्या खेळाडूंना! ज्यांनी फायनलला हरवलं त्यांनाच. त्या मुली तेव्हा आपल्याच फेडरेशनच्या अध्यक्षाच्या वागण्याविरुद्ध उभ्या होत्या आणि बाईंनी सांगितलं की या टीमचं कौतुक झालं पाहिजे आणि त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. भाषण छोटंच होतं पण स्वतः खेळाडू म्हणून हे सगळं भोगलेली बाई बोलत होती हे कळत होतं.

आणि आता हा 2025 चा युरो, जो मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. स्पर्धेच्या अगदी तोंडावर मेरी अर्प्स आणि फ्रॅन कर्बी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाहेर पडल्या, मिली ब्राइटनं माघार घेतली. पहिलीच मॅच फ्रान्सकडून 2-1 हरले. क्वार्टर फायनलला स्वीडनविरुद्ध 0-2 मागे, तिथून बरोबरी, मग शूटआऊट. सेमीला इटलीविरुद्ध 90 मिनिटं संपून सहाव्या जादा मिनिटापर्यंत मागे आणि तिथं 19 वर्षांच्या मिशेल अगेमांगनं बरोबरी केली, ही पोरगी चार वर्षांपूर्वी वेम्बलीवर इंग्लंडच्याच मॅचला बाहेर गेलेले बॉल आणून द्यायला उभी होती. मग केलीची पेनल्टी अडवली गेली पण परत आलेला बॉल तिनंच आत मारला. फायनललाही आधी स्पेनचा गोल, मग इंग्लंडच्या रुसोचा हेडर. बाद फेरीतल्या तिन्ही मॅचेस मागून येऊन जिंकल्या, याला नुसतं नशीब कसं म्हणायचं?

एक गोष्ट खास सांगते. डिफेंडर जेस कार्टरला स्वीडनच्या मॅचनंतर सोशल मीडियावर तिच्या रंगावरून घाण शिव्या आल्या. सेमीला बाईंनी तिला बसवलं. लोकांना वाटलं संपलं तिचं. आणि फायनलला, समोर स्पेनसारखी टीम असताना, तिलाच परत सुरुवातीच्या अकरात उतरवलं, आणि ती उत्तम खेळली. बसवायचं कधी आणि परत विश्वास टाकायचा कधी, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, ते स्वतः खेळलेल्या माणसाला येतं, आणि वर्षानुवर्षं कोचिंग केल्यावर येतं. दोन्ही लागतं. नुसतं खेळून होत नाही आणि नुसतं सर्टिफिकेटनंही होत नाही.

तुम्ही म्हणाल हे सगळं युरोपातलं, आपला काय संबंध. तर संबंध आहे. जानेवारी-फेब्रुवारी 2022 मध्ये महिलांचा आशियाई कप आपल्याच महाराष्ट्रात झाला, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. चीननं सेमीला बालेवाडीत जपानला शूटआऊटमध्ये हरवलं आणि फायनलला डी. वाय. पाटील स्टेडियमवर हाफटाइमला दक्षिण कोरियाविरुद्ध 0-2 मागे असताना 3-2 नं मॅच काढली, शेवटचा गोल भरपाई वेळेत. त्या टीमच्या कोच होत्या श्वी चिंगश्या, 1996 च्या ऑलिंपिकमध्ये चीनकडून सिल्व्हर मेडल जिंकलेल्या खेळाडू. हे आपल्या घरात घडलं आणि आपल्याला पत्ता नाही. त्यावेळी आपल्या टीममध्ये कोरोना घुसला आणि भारत स्पर्धेतूनच बाहेर पडला, सगळं लक्ष तिकडं गेलं, ते समजू शकते.

आणि आपल्या स्वतःच्या बायका? गोव्याच्या मेमॉल रॉकी, स्वतः भारताकडून खेळलेल्या, 2017 मध्ये महिला टीमच्या हेड कोच झाल्या. त्यांच्या हाताखाली 2019 ला नेपाळमधल्या बिराटनगरमध्ये दक्षिण आशियाई देशांची साफ स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी पोखऱ्यात साऊथ एशियन गेम्सचं गोल्ड, आणि ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत भारताची महिला टीम पहिल्यांदाच दुसऱ्या राउंडला गेली. मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवी, 1995 ला पंधराव्या वर्षी भारताकडून उतरल्या, वीस वर्षं खेळल्या, अर्जुन पुरस्कार, 2020 ला पद्मश्री, आणि खेळ संपल्यावर घरी न बसता कोचिंगमध्ये आल्या. गोकुळम केरळ 2020 ला इंडियन वुमेन्स लीग जिंकली तेव्हा कोच प्रिया पी. व्ही. होत्या. म्हणजे बायका आहेत. पण या मोजक्या नावांच्या खाली काय आहे ते बघायला गेलं की रिकामं दिसतं.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. पेठापेठांत तालमींच्या टीम, शाहू स्टेडियम भरतं, मॅचच्या दिवशी शिवाजी पेठेत नाहीतर मंगळवार पेठेत दुसरा विषय नसतो. मुलींचं म्हणाल तर इथली एफसी कोल्हापूर सिटी इंडियन वुमेन्स लीगपर्यंत खेळून आली. म्हणजे पोरी आहेत, खेळ आहे, आवड तर विचारूच नका. पण शाळेतल्या मुली दहावीपर्यंत खेळतात, काहीजणी ग्रेस मार्कांसाठी, बऱ्याचजणी खरोखर जीव लावून, आणि अकरावीला निम्म्या गळतात. ज्या टिकतात त्या राज्याकडून खेळतात आणि बावीस-तेविसाव्या वर्षी आई विचारते पुढं काय. तेव्हा मी काय सांगू? असिस्टंट कोच म्हणून महिन्याला ठरलेला पगार देणारी जागा मला दाखवा, मी उद्या दहाजणी पाठवते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, राज्याकडून खेळलेली, सेंटर बॅकला इतकी शहाणी पोरगी मी दुसरी बघितली नाही. आता एका कपड्याच्या दुकानात काम करते. सुट्टीच्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला येते आणि तिथून माझ्या पोरींना ओरडते, "मागं बघ गं, पाठीमागून येतीय ती! लाईन सोडू नको!" आणि पोरी लगेच सरकतात. मी खेळाडू म्हणून फार पुढं गेले नव्हते, त्यामुळं मला जे दोन सेकंदानं दिसतं ते तिला आधी दिसतं. तिनं कोचिंगच्या डी लायसन्सचा कोर्स करावा म्हणून मी मागं लागलेय. फी आपण गोळा करू, पण कोर्सचे दिवस दुकानातून सुट्टी कोण देणार, बाळाकडं कोण बघणार, आणि कोर्स करून आल्यावर काम कुठं? या तीन प्रश्नांवर गाडी अडते, आणि ती काही तिच्या एकटीचीच अडत नाही. मुलींच्या टीम घेऊन बाहेरगावी जायचं म्हटलं की आयांना बाई बरोबर पाहिजे असते, नसली तर पोरगीच पाठवत नाहीत. मग ती बाई फक्त सोबत म्हणून नेली जाते, मॅनेजर म्हणून फॉर्मवर नाव, आणि बेंचवर कोच म्हणून दुसराच कुणीतरी बसतो. आमचे पुरुष कोच चांगलं काम करतात, त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही, मुलींसाठी फुकट वेळ देणारे कितीतरी आहेत. पण ज्या बाईला खेळ कळतो तिला पाण्याच्या बाटल्या आणि हजेरी एवढ्यावर ठेवू नका.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. ज्या क्लब आणि संस्थांच्या मुलींच्या टीम आहेत त्यांनी एक माजी महिला खेळाडू असिस्टंट कोच म्हणून मानधनावर ठेवावी, सुरुवातीला थोडं का असेना पण ठरलेलं आणि वेळेवर. लायसन्सचे कोर्स जिल्ह्याच्या ठिकाणी सुट्ट्यांमध्ये घ्यावेत, म्हणजे लेकुरवाळ्या बायकांना घरून येऊन-जाऊन करता येतील. आणि पाच वर्षं थांबायची तयारी ठेवावी. विगमन बाईंनाही एडीओबरोबर लीग पाचव्या वर्षी मिळाली, आपल्याकडं दोन मॅच हरल्या की "बाईला जमत नाही" सुरू होतं.

तुमच्याकडूनही एक मागणं आहे. शालेय आणि जिल्हा स्पर्धांच्या बातम्यांत मुलींच्या टीमच्या कोचचं नाव छापत जा, बाई असो की पुरुष. नाव छापून आलं की संस्थेला किंमत कळते, घरी किंमत कळते, हा माझा रोजचा अनुभव आहे. आणि आपल्या भागातल्या माजी महिला खेळाडूंना अधूनमधून मॅचवर लिहायला सांगा, त्यांना सांगण्यासारखं खूप आहे.

शेवटचं म्हणजे, 5 जुलै 2025 ला चियांग माईमध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला 2-1 हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी खेळून आशियाई कपला पोचल्या. स्पर्धा मार्च 2026 ची, ऑस्ट्रेलियातली, तिकडचं घड्याळ आपल्या पुढं असल्यामुळं रात्री जागायलाही लागणार नाही. भारताच्या मॅचेसचं टाइमटेबल कृपया आठवडाभर आधी छापा, मला ते शाळेच्या नोटीस बोर्डावर लावायचंय, आणि मुख्याध्यापकांकडं हॉलमधला टीव्ही तेवढ्या वेळासाठी मागायचाय, त्याला तारखा आधी हातात लागतात.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर